डाय कटरने क्विल्टचे तुकडे कापताना आधी ताणा बघा

डाय कटर म्हणजे पाती बसवलेल्या पाटावर, म्हणजे डायवर, कापड ठेवून ते रोलरमधून दाबून कापणारं यंत्र. ते आलं की मोजपट्टी कपाटात जाते, आणि चूक तिथेच होते. डायची पाती जागची हलत नाहीत हे खरं, पण कापड हलतं. रोलर कापडाला पुढे रेटत नेतो, त्यात ते ताणलं जातं आणि कापून झाल्यावर आक्रसतं. मग 4½ इंचांचा चौकोन एका बाजूने बरोबर भरतो, दुसऱ्या बाजूने जेमतेम 4⅜.

काठाला समांतर जाणारा ताणा, म्हणजे उभे धागे, फारसा ताणत नाही, आडवा बाणा बराच ताणतो. म्हणून काठाची दिशा रोलरमध्ये शिरण्याच्या दिशेलाच ठेवायची. कापडाची पट्टी कापतानाच तिच्यावर खडूने बाण काढून ठेवा, काठ निघून गेल्यावर दिशा ओळखू येत नाही. पहिला तुकडा निघाला की दोन्ही बाजूंनी मोजा, मगच पुढचे कापा.

8 इंची सॉटूथ स्टार ब्लॉक, म्हणजे चांदणीच्या नक्षीचा क्विल्टचा एक चौकोनी भाग, घेऊ. तयार मापं मधल्या चौकोनाची 4 इंच, कोपऱ्यातल्या चौकोनांची 2 इंच. डायमध्ये चारी बाजूंनी पाव इंच शिलाई मार्जिन धरलेलं असतं, त्यामुळे कापलेले तुकडे 4½ आणि 2½ इंचांचे निघतात. एका ब्लॉकला चांदणीच्या रंगात 1 मोठा चौकोन आणि 8 छोटे त्रिकोण लागतात. पार्श्वभूमीच्या रंगात 4 छोटे चौकोन आणि 4 मोठे त्रिकोण. 12 ब्लॉक करायचे तर छोटेच त्रिकोण 96, आणि डायचा खरा फायदा इथेच आहे. चार-पाच चौकोनांसाठी रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा हातकटर) पुरे.

कापड धुऊन, खळ लावून, कोरडी इस्त्री करा. आकारापेक्षा अर्धा इंच रुंद पट्टी काढा, म्हणजे 4½ च्या चौकोनाला 5 इंच. अख्खा डाय झाकत बसू नका, फक्त पाती झाकली तरी पुरतं. डायचा फोम वर, त्यावर कापड, सगळ्यात वर मॅट (पाती ज्यावर टेकून कापतात ती चटई). अॅक्यूक्विल्टच्या गो मशीनवर क्विल्टिंग कॉटनचे 6 थर चालतात, तरी सुरुवात 4 थरांनी करा. लांब पातं रोलरला अगदी समांतर शिरलं तर हँडल एकदम जड होतं आणि थर सरकतात, डाय फिरवता येत असेल तर फिरवून घाला.

कडेला धागे न कापता राहिले तर मॅट फिरवून पुन्हा कापा. न कापलेली जागा मॅटबरोबर सरकली तर मॅटला चर पडलेत, ती उलटी करा. जागा तिथेच राहिली तर पात्याला खाच पडली आहे किंवा पात्याशी फोममध्ये धागे अडकलेत. धागे टोच्याने काढा, खाच मात्र दुरुस्त होत नाही.

कापड पंख्यासारखं घडी घालून थर केले की एकाआड एक थर उलटा येतो. चौकोन-त्रिकोणांना फरक पडत नाही. समांतरभुज चौकोनांचे मात्र निम्मे तुकडे उलट्या कलाचे निघतात. सगळे एकाच कलाचे हवे असतील तर पट्ट्या सुट्या करून सरळ बाजू वर ठेवूनच रचा.

मोठ्या त्रिकोणाची लांब बाजू ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला येते, तिथे धागा सरळच हवा, तिरपा असला तर कड लाटेसारखी होते. डायने त्रिकोणांची टोकं छाटलेली असतात. ती एकमेकांवर नीट बसवली की छोटा त्रिकोण आपोआप जागेवर बसतो, टाचण्या कमी लागतात. दोन छोटे आणि एक मोठा त्रिकोण जोडल्यावर माप 2½ × 4½ इंच भरलं पाहिजे. कमी भरलं तर आधी शिलाई तपासा, पाव इंचापेक्षा एक-दोन धागे कमीच घ्यायची असते.

गोधडीसाठी जुन्या सुती साड्या वापरत असाल तर खळ दुप्पट घट्ट लावा आणि दोनच थर ठेवा. झिजलेलं कापड पात्यांमध्ये चुरगळतं.