घरचं शिवणकाम: तारीख देण्याआधी तास मोजा

घरून शिवणकाम करताना ओढाताण सुरू होते ती दारात, गिऱ्हाइकाला तारीख सांगताना. "शनिवारी देते" असं पटकन तोंडातून जातं आणि शुक्रवारी रात्री स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि मशीन सगळं एकाच वेळी अंगावर येतं. म्हणून आधी आपल्या हातात आठवड्याचे किती तास आहेत, ते वहीत लिहा.

अस्तराच्या साध्या ब्लाउजला कटिंगला अर्धा तास आणि मशीनवर दोन तास धरा. हुक आणि हातशिलाई वेगळी. मुलं शाळेत असताना साडेदहा ते एक आणि दुपारी अडीच ते चार असे रोज चार तास मिळत असतील, तर सोमवार ते शुक्रवार २० तास होतात. त्यातले चार तास अल्टरमध्ये जातात. उरलेल्या १६ तासांत सहा ब्लाउज बसतात. सातव्याला पुढच्या आठवड्याची तारीख द्यायची. हात अजून बसलेला नसेल तर चारच धरा. फॉल-पिकोच्या साड्या "मधेच उरकते" म्हणून घेऊ नका. तीन साड्या म्हणजे एक ब्लाउज गेला, असं समजा.

सगळी कटिंग एकाच दिवशी उरका. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवतात ती बऱ्याचदा गुरुवारी. तोच कटिंगचा वार ठेवला तर दिवस फुकट जात नाही. मात्र कुकर गॅसवर असताना किंवा मूल मांडीशी घुटमळत असताना कात्री हातात घेऊ नका. सर्वात महाग चूक याच वेळी होते: काठाच्या कापडावर बाह्या एकेक करून कापल्या की दोन्ही एकाच हाताच्या निघतात. बाहीच्या मुंढ्याला, म्हणजे खांद्याशी जोडायच्या गोलाईला, पुढच्या बाजूला खोलगट आकार जास्त असतो, त्यामुळे ती बाही नुसती उलटून चालत नाही, कापडाची उलटी बाजू वर येते. ८० सेंटीमीटरच्या ब्लाउजपीसमध्ये दुसऱ्या बाहीला काठ उरलेला नसतो. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही बाह्यांचं कापड सुलट बाजू आत, काठाला काठ जुळवून ठेवा, टाचण्या लावा आणि कापल्याबरोबर उलट बाजूला खडूने 'डा' आणि 'उ' लिहा.

सुती अस्तर कटिंगच्या आधी, रात्री ओटा आवरल्यावर भिजत घाला. गडद रंग वेगळ्या बादलीत. सावलीत वाळवून, जरा दमट असतानाच इस्त्री करा. ही पायरी गाळली की पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड तेवढंच राहतं आणि पाठीवर चुण्या पडतात. मग तो ब्लाउज अल्टरला परत येतो आणि तुमचे दोन तास खातो. पावसाळ्यात अस्तर वाळायला दोन दिवस लागतात, तेही तारखेत धरा. अस्तर आणायला पुण्याच्या बोहरी आळीत पंधरा दिवसांतून एकदाच जा, कापडाचा तुकडा सोबत न्या आणि रंग दुकानाबाहेर उजेडात जुळवून बघा. पांढरं, काळं, मरून आणि स्किन अस्तर भिजवून, वाळवून घरात तयार असू द्या.

मशीनवर बसताना ब्लाउज दोऱ्याच्या रंगाप्रमाणे लावून घ्या, म्हणजे बॉबिन (खालच्या दोऱ्याची रिळी) सारखी बदलावी लागत नाही. हुक, आय (हुक अडकवायची कडी) आणि गळ्याची हातशिलाई संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाजवळ बसून होते. सुई मात्र मोजून घ्या आणि मोजून परत ठेवा. मशीनची सुई तुटली तर सगळे तुकडे सापडेपर्यंत मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. लोहचुंबक जवळ असावा. उठताना दर वेळी मोटरचं बटण बंद करा.

सणांचा हिशेब वेगळा. गणपतीच्या ऑर्डरी नारळी पौर्णिमेला बंद करा, दिवाळीच्या दसऱ्याला. दोन्हीकडे मधे जेमतेम अडीच-तीन आठवडे असतात आणि शेवटचे चार-पाच दिवस घरच्या साफसफाईत, फराळात जातात. कामाचे दोन आठवडे, म्हणजे बारा ब्लाउज. नंतर येणाऱ्याला सरळ नाही म्हणा. लगेच "नाही" ऐकलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी लवकर येतं. सणाच्या आदल्या दिवशी हात हलवत परत गेलेलं येत नाही.

माप आणि डिलिव्हरीची वेळ संध्याकाळी पाच ते सात ठरवून दारावर लिहा. प्रत्येक पिशवीत नाव, तारीख आणि बाकी रकमेची चिठ्ठी टाचून ठेवली की तुम्ही घरात नसतानाही सासूबाई किंवा मोठी मुलगी कपडे देऊ शकतात. शिलाईचे पैसे वेगळ्या डब्यात, घरखर्चात मिसळायचे नाहीत.

नातेवाइकांचं काम हे सगळ्यात नाजूक. "वहिनी, एवढा एकच" म्हणून आलेला ब्लाउजही वहीत लिहा आणि त्याच्या नंबरानेच शिवा. शिलाई कमी घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण रांग मोडू नका.