ॲक्शन आरपीजीचा बीटा: पहिलं मत कशावर बनवावं

ॲक्शन आरपीजीचा (लढत-लढत कॅरेक्टर वाढवण्याच्या गेमचा) बीटा, म्हणजे रिलीजआधीची चाचणी आवृत्ती, खेळताना नवखे खेळाडू बहुतेक वेळा आकड्यांवरून मत बनवतात. अमुक क्लास (कॅरेक्टरचा प्रकार) दुबळा आहे, तमुक स्किल भारी आहे, लूट (शत्रू मारल्यावर मिळणाऱ्या वस्तू) भरपूर पडते. नेमक्या याच गोष्टी रिलीजपर्यंत बदलतात. हालचाल, फटक्याची जाणीव, गर्दीत काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे सहसा फारसं बदलत नाही, कारण ॲनिमेशन आणि कंट्रोलची रचना शेवटच्या काही आठवड्यांत पुन्हा उभारणं फार महाग पडतं. त्यामुळे हाताशी असलेला मोजका वेळ आधी या गोष्टी तपासायला द्या.

‘डायब्लो ४’चा बीटा हे याचं चांगलं उदाहरण. मार्च २०२३ मध्ये दोन वीकेंड चाललेल्या त्या बीटात लेव्हल २५ ला थांबत होती, नकाशातला एकच प्रदेश खुला होता आणि लेजेंडरी (दुर्मीळ, ताकदवान) वस्तू पडण्याचं प्रमाण मुद्दाम वाढवलेलं होतं. मे महिन्यात सर्व्हरवर ताण टाकून पाहण्यासाठी आणखी एक फेरी झाली. तेव्हा लेव्हलची मर्यादा २० वर आली आणि लेजेंडरींचं प्रमाणही उतरवलं गेलं. मार्चमध्ये नेक्रोमॅन्सर या क्लासची सांगाड्यांची फौज जवळपास मरतच नव्हती. पुढे तिला कमकुवत केलं गेलं. बार्बेरियन हा क्लास अनेकांना संथ वाटला, कारण त्याची ताकद पुढच्या स्किल्सवर आणि वस्तूंवर उभी राहते. लेव्हलची मर्यादा खाली असली की लवकर फुलणारे क्लास नेहमीच चढे वाटतात. क्लासबद्दल लिहायचंच असेल तर निदान दोन क्लास एकाच लेव्हलपर्यंत, एकाच भागात खेळून पाहा आणि मत लिहिताना ती लेव्हल सांगा.

तयारी आदल्या दिवशी उरकावी. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा, खातं आधीच जोडून ठेवा, प्रीलोड (गेम आधीच डाउनलोड करण्याची सोय) खुलं झालं की लगेच घ्या आणि गेम एसएसडीवर टाका. हार्ड डिस्कवर टाकलेला गेम नवीन भागात शिरताना अडखळतो आणि दोष उगाच गेमवर जातो. गेम पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असल्याची पट्टी दिसली तर ती पूर्ण होऊ द्या. ती मध्येच सोडून खेळायला घेतलं, तर प्रत्येक नवा इफेक्ट पहिल्यांदा पडद्यावर येताना झटका बसू शकतो.

झटका (चित्र अडखळणं) आणि लॅग (नेटवर्कमुळे होणारा उशीर) यांतला फरक ओळखता आलाच पाहिजे, नाहीतर तुमचा रिपोर्ट भलत्याच टीमकडे जातो. फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) दोन्ही पडद्यावर चालू ठेवा. फ्रेम रेट ६० वर स्थिर आहे, पण कॅरेक्टर पुढे जाऊन पुन्हा मागे खेचलं जातंय, तर अडचण नेटवर्कची किंवा सर्व्हरची आहे. पिंग ठीक आहे आणि चित्रच गोठतंय, तर अडचण तुमच्या मशिनवर किंवा गेमच्या इंजिनात आहे. सरासरी फ्रेम रेटवर विसंबू नका. ६० फ्रेम्सच्या वेगात एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यात एखादीच फ्रेम १०० मिलिसेकंद अडली तर सरासरी जेमतेम हलते, पण डॉज (वार चुकवण्याची झटपट हालचाल) मात्र हुकतो. ज्या जागी झटका बसला तिथे लगेच परत जाऊन पाहा. दुसऱ्या खेपेला तो गेला असेल तर कारण बहुधा शेडर किंवा लोडिंग; तिथेच पुन्हा बसला तर ठिकाण टिपून ठेवा. दोन-तीन तासांत फ्रेम रेट हळूहळू उतरत गेला आणि गेम बंद करून उघडल्यावर पूर्ववत झाला, तर मेमरी लीकचा (गेम वापरलेली मेमरी परत सोडत नसल्याचा) संशय धरावा. हा शोध डेव्हलपरच्या फार उपयोगाचा असतो.

लढाईची खरी परीक्षा डॉजमध्ये होते. एखादा साधा शत्रू गाठा, सगळ्यात जड फटका सुरू करा आणि मध्येच डॉज दाबा. फटका तिथेच तुटतो की पूर्ण झाल्याशिवाय कॅरेक्टर हलत नाही? दोन्ही प्रकारचे गेम चांगले असू शकतात, पण दुसऱ्या प्रकारात शत्रूने वार करण्याआधी पुरेशी सूचना द्यायला हवी. ६० फ्रेम्सवर रेकॉर्डिंग करा, बटणाचा आवाज त्यात येऊ द्या आणि आवाजापासून हालचालीपर्यंतच्या फ्रेम्स मोजा; ६ फ्रेम्स म्हणजे १०० मिलिसेकंद. त्यानंतर बॉसच्या वारातून थेट आरपार डॉज करून पाहा, म्हणजे डॉजच्या काळात इजा होते की नाही ते कळेल. शेवटी चार जणांच्या पार्टीत जा. सगळ्यांचे इफेक्ट्स एकावर एक चढले की जमिनीवरचा धोक्याचा गोल दिसतो का, एवढं एक निरीक्षण पानभर कौतुकापेक्षा मोलाचं ठरतं.

आकड्यांकडे वळायचं तेव्हा त्यामागचा नियम शोधा. ५० टक्के वाढ देणाऱ्या दोन वस्तूंची बेरीज होत असेल तर १०० चं डॅमेज २०० होतं. गुणाकार होत असेल तर २२५. ‘पाथ ऑफ एक्झाइल’ या ॲक्शन आरपीजीमध्ये हे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी असतात आणि नवखे त्यातच चकतात. बचावाचंही तसंच आहे. तिथे रेझिस्टन्सची (आग, थंडी, वीज अशा प्रकारची इजा किती टक्के अडते त्याची) नेहमीची कमाल मर्यादा ७५ टक्के आहे. तो ५० वर आला की १०० पैकी २५ ऐवजी ५० इजा आत येते, म्हणजे बरोबर दुप्पट. ‘बॉस अन्यायकारक आहे’ असं लिहिण्याआधी कॅरेक्टरचं पान उघडून हे आकडे बघा. सुरुवातीच्या लेव्हल्सना स्किल पॉइंट परत घेणं बहुतेक गेममध्ये फुकट किंवा स्वस्त असतं, तेव्हा बिनधास्त मोडा आणि पुन्हा बांधा.

रिपोर्ट एका वेळी एकाच गोष्टीचा द्या. त्यात व्हर्जन क्रमांक, क्लास, लेव्हल, जागा आणि टाइम झोनसह वेळ लिहा. वेळेवरूनच सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंद सापडते. मग काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं आणि किती प्रयत्नांत किती वेळा झालं. ‘डॅमेज २० टक्के कमी करा’ असा उपाय सुचवण्यापेक्षा ‘तिसऱ्या टप्प्यात दोन वारांच्या मध्ये डॉज पुन्हा वापरण्याइतका भरून येत नाही’ हे वाक्य जास्त कामाचं. बंद (फक्त निमंत्रितांसाठीच्या) बीटात गोपनीयतेची अट असेल तर रेकॉर्डिंग टाकणं सोडाच, स्क्रीनशॉटही कुठे देऊ नका. खातं बंद होऊ शकतं.

बीटातलं कॅरेक्टर बहुतेक वेळा पुसलं जातं. शेवटच्या तासापूर्वीच स्किल ट्री (निवडलेल्या स्किल्सचा आराखडा), कीबाइंडिंग (कोणतं बटण कशासाठी) आणि ग्राफिक्स सेटिंग्जचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि रिपोर्टचं बटण गेमच्या आतच असेल तर राहिलेले रिपोर्टही तेव्हाच पाठवा; सर्व्हर बंद झाला की ते बटणही जातं.