गिऱ्हाईक गूगलवर काय टाइप करतं? वेबसाइटसाठी शब्द शोधण्याची रीत

अमळनेर तालुक्यात माझ्या चुलत वहिनींचा बचत गट आहे. बिबडे (म्हणजे ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, कुरडया, कळण्याचं पीठ असा त्यांचा माल. पुतण्याने हौसेने वेबसाइट बनवून दिली आणि पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'पारंपरिक व पौष्टिक खाद्यपदार्थांचे विश्वसनीय दालन'. वर्षभरात गूगलवरून शोधत आलेलं एकही गिऱ्हाईक नाही. येणार तरी कसं? पुण्यात बसलेल्या खान्देशी माणसाला बिबडे खायची हुक्की आली की तो 'बिबडे' शोधतो, 'दालन' नाही. आणि 'बिबडे' हा शब्द अख्ख्या पानावर फक्त एका फोटोत होता, तोही वळणदार डिझाइनच्या अक्षरांत.

मग आम्ही दोन रविवार बसलो. तेव्हा जे केलं तेच इथे क्रमाने सांगतो. दुकान केळीच्या वेफर्सचं असो, ठिबकच्या सामानाचं असो की क्लासचं, रीत तीच.

सुरुवात कॉम्प्युटरवर नाही, वहीत करायची. वहिनींच्या फोनमधले जुने व्हॉट्सॲप मेसेज काढले आणि लोकांनी मागताना वापरलेले शब्द जसेच्या तसे उतरवले. शुद्धलेखन सुधारायचं नाही, हा एकच नियम. 'बिबडी', 'बिबड्या', 'ज्वारीचे पापड', 'लसणाचे आहेत का', 'कळण्याच्या भाकरीचं पीठ'. एकाने तर लिहिलं होतं, 'ते खाटेवर वाळवतात ते पापड पाठवा'. विकणाऱ्याच्या डोक्यात मालाचं एकच नाव असतं, घेणाऱ्यांच्या डोक्यात दहा. जो गट फोनवर ऑर्डर घेतो त्याने फोनशेजारी वही ठेवली तरी महिन्यात पानभर शब्द जमतात.

आता गूगल. ब्राउझरची खासगी खिडकी (इन्कॉग्निटो) उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा प्रभाव कमी पडतो. 'बिबडे' लिहून एक जागा सोडा आणि एंटर न दाबता थांबा. खाली ज्या सूचना लोंबतात त्या खऱ्या लोकांच्या शोधांवरूनच येतात. त्या उतरवा. मग पुढे 'क' लिहून पाहा, 'र' लिहून पाहा, यादी बदलत जाते. निकालांच्या मध्ये प्रश्नांची पेटी आणि तळाशी संबंधित शोध दिसले, तर तेही वहीत घ्या. हाच खेळ इंग्रजी अक्षरांतही खेळायचा, कारण मराठी बोलणारे कितीतरी लोक मराठी शब्द रोमन लिपीतच टाइप करतात आणि स्पेलिंग ज्याचं त्याचं.

साठेक शब्द झाले की त्यांची निवड. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि नेमकं इथेच लोक घाई करतात. प्रत्येक शब्दापुढे लिहा, हा माणूस कशासाठी आलाय? 'बिबडे रेसिपी' शोधणाऱ्याला घरी करायचे आहेत, 'बिबडे ऑनलाइन' शोधणाऱ्याला विकत हवेत आणि नुसतं 'बिबडे म्हणजे काय' विचारणारी बहुधा खान्देशात नव्याने आलेली सून असावी. तिघांना एकाच पानावर कोंबलं तर तिघंही परत जातात. भरिताच्या वांग्यांचंच घ्या. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अभिमानाची गोष्ट, पानावर असावीच. पण म्हणून विक्रेत्याने शीर्षकात 'मानांकित कृषी उत्पादन' लिहिलं तर काय उपयोग? हिवाळ्यात भरीत पार्टी ठरवणारा माणूस 'भरिताची वांगी' असंच लिहिणार.

कोणता शब्द किती शोधला जातो याचे आकडे पाहण्यासाठी दोन फुकट साधनं पुरतात. गूगल अ‍ॅड्सचं खातं उघडलं की त्यात कीवर्ड प्लॅनर, म्हणजे शोधशब्दांचे आकडे दाखवणारं साधन, मिळतो. जाहिरातीवर खर्च करत नसाल तर तो नेमका आकडा न देता '१०० ते १ हजार' असा ढोबळ पट्टा दाखवतो. निवडीला तेवढं बास. आपल्या बोलीतल्या शब्दांपुढे पुष्कळदा काहीच आकडा येत नाही. घाबरू नका. नाव घेऊन शोधणारा एक माणूस उगाच डोकावणाऱ्या शंभरांपेक्षा बरा. दुसरं साधन गूगल ट्रेंड्स, एखादा शब्द कधी जास्त शोधला जातो ते दाखवणारं. त्यात २००४ पासूनची माहिती आहे, पण ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या नव्हेत, त्या काळातल्या सर्वोच्च पातळीला १०० मानून केलेली तुलना आहे. मोसम ओळखायला ते उत्तम. वाळवणाचं पान एप्रिलमध्ये लिहायला बसलात तर उशीर झाला. ते संक्रांतीच्या आसपास तयार हवं.

एक काम मी आधी विसरलो होतो. निवडलेला शब्द गूगलवर टाकून आज काय निकाल येतात ते पाहायचं. सगळे व्हिडिओ आणि पाककृतीच येत असतील तर तिथे विक्रीचं पान पुढे सरकणं अवघड.

मग शब्द जागेवर बसवायचे. एका हेतूला एक पान. मुख्य शब्द शीर्षकात (गूगलच्या निकालात दिसणारं पानाचं नाव), पानावरच्या मोठ्या मथळ्यात आणि पहिल्या दोन-तीन ओळींत यावा, फोटोच्या पर्यायी मजकुरातही (फोटोत काय आहे ते सांगणारी, फोटोला जोडलेली ओळ). बाकीची रूपं बोलताना येतील तशी येऊ द्या: 'बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, लसूण आणि तीळ घालून केलेले'. पानाचा पत्ता इंग्रजी अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की बहुतेक वेळा टक्क्यांच्या चिन्हांचा लांबलचक साप होतो. कीवर्डचा वेगळा मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी) भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आपण तो पाहतच नाही, असं गूगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय. आणि पानाच्या तळाशी 'बिबडे जळगाव, बिबडे धुळे, बिबडे नंदुरबार' अशी गावांची माळ लावणं गूगलच्या नियमांत स्पॅम म्हणून धरलं जातं.

हेच शब्द वेबसाइट वापरायलाही सोपी करतात. पुतण्याने मेनूत 'उत्पादने' आणि 'सेवा' लिहिलं होतं. आम्ही तिथे 'बिबडे', 'पापड-कुरडया', 'कळण्याचं पीठ', 'भाव आणि पोहोच' असं लिहिलं. भावाचा तक्ता फोटोतून काढून मजकुरात आणला. वहीतला दर तिसरा-चौथा प्रश्न भावाचाच होता आणि मोबाइलवर तो फोटो चिमटीने मोठा करावा लागत होता.

शेवटी वेबसाइटला सर्च कन्सोल हे गूगलचं फुकट साधन जोडा. तुमचं पान कोणत्या शोधांत दिसलं, किती क्लिक मिळाले, सरासरी कितव्या जागी होतं, हे तो १६ महिन्यांपर्यंत मागचं दाखवतो. महिन्यातून एकदा बसा आणि ८ ते २० या जागांवर अडकलेले शब्द आधी बघा, थोड्या मेहनतीने वर येण्याजोगे तेच असतात. आमच्या यादीत पहिल्याच महिन्यात एक शोध निघाला, 'बिबडे भाजायचे की तळायचे'. तसं पान आमच्याकडे नव्हतं. वहिनींनी चुलीजवळ बसून उत्तर सांगितलं, पुतण्याने ते तसंच टाइप केलं.