सिनेमा बघत जेवायचंय? मग या चुका टाळा

घरी सिनेमा बघत जेवायचा बेत ठरला की आवडीचे पदार्थ लगेच आठवतात. पण मंद उजेडात, ताटाकडे न बघता, एका हाताने काय खाता येईल याचा विचार कुणी करत नाही. बांगड्याचं कालवण त्या दिवशी नकोच; काटे काढायला उजेड आणि लक्ष दोन्ही लागतं. मल्याळम सिनेमा सबटायटल्स वाचत बघणार असाल तर चपाती-रस्साही अवघड जातो. मसालेभात, दहीभात, पावभाजी असं काहीतरी खोलगट वाटीत घ्या, आणि वाटी पाऊणच भरा.

त्यातली पावभाजी सगळ्यांच्या आवडीची, आणि हमखास बिघडणारीही. घाई नको म्हणून सगळे पाव आधीच भाजून डब्यात भरले जातात. गरम पावाची वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होऊन पावावर पडतं, आणि गार झाल्यावर तेच पाव चामट लागतात. पाव कापून ठेवा, पण लोणी लावून तव्यावर टाका ते वाढायच्या वेळीच. भाजीचं दुखणं वेगळं. बटाटा पाणी ओढत राहतो, त्यामुळे तासाभरात तिचा गोळा होतो. चार जणांच्या भाजीत अर्धी वाटी उकळतं पाणी घालून घोटा, दोन मिनिटं रटरटू द्या आणि मीठ त्यानंतर चाखा. आधीच मीठ वाढवलं तर आटलेली भाजी खारट होते.

मिसळीचं फरसाण कटात काही मिनिटांतच मऊ पडतं, म्हणून ते वेगळ्या वाटीत द्या, ज्याचं त्याने घालून घ्यावं. (तर्री फिकट रंगाच्या सोफ्यावर सांडली तर हळदीचा डाग सहजी निघत नाही. जुनी चादर अंथरा.) बटाटेवडे तळून झाकून ठेवू नका, आतली वाफ बाहेरचं आवरण मऊ करते. जाळीवर सुटे मांडा.

पॉपकॉर्नचे दाणे बरेचसे न फुटताच राहतात? बहुतेक वेळा दाणे जुने होऊन सुकलेले असतात. दाण्याच्या आत साधारण 14 टक्के ओलावा असतो, त्याच पाण्याची वाफ कवच फोडते. अर्धी वाटी दाण्यांना अर्धा चमचा पाणी चोळून बरणी घट्ट बंद करा आणि मधूनमधून हलवत एक-दोन दिवस ठेवा. भाजताना जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल आणि तीन दाणे टाका. ते फुटले की बाकीचे घाला, गॅस बंद करून 30 सेकंद थांबा, मग पुन्हा पेटवा. सगळे दाणे सारखे तापतात. झाकण किंचित तिरपं ठेवा. वाफ कोंडली तर लाह्या चिवट होतात. मीठ मिक्सरमधून बारीक करून घेतलं तरच लाह्यांना चिकटतं.

वेळेचं गणितही चुकतं. मध्यंतरात जेवू म्हणून थांबलेली मुलं तोवर चिप्स खाऊन पोट भरतात, आणि घरी सिनेमा थांबवणारं कुणीतरी लागतंच. अडीच तासांचा सिनेमा असेल तर जेवण सुरुवातीलाच वाढा, मधे थांबून कुल्फी किंवा चहा. कुकर आणि मिक्सरचं काम आधीच उरका. संथ, कमी बोलणारा सिनेमा असेल तर पापड आणि चकली दुसऱ्या दिवशी.

उरलेला भात सिनेमा संपेपर्यंत ओट्यावर राहतो, ही मात्र महागात पडणारी चूक. शिजवूनही तग धरणारे काही जिवाणू खोलीच्या तापमानाला वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष भात पुन्हा गरम करून जात नाही. शिजल्यापासून दोन तासांच्या आत भात पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा, मग पडद्यावर कितीही रंगात आलेलं असो.