घटनेचा काळ ठरवताना: दशा, गोचर आणि वर्षफल कसे वापरावे

पत्रिकेत एखादा योग आहे हे सांगणे तुलनेने सोपे असते. तो केव्हा फळेल हे सांगताना ज्योतिषाची खरी कसोटी लागते. त्यासाठी दशा (ग्रहांना वाटून दिलेले आयुष्याचे कालखंड), गोचर (ग्रहांचे आकाशातले चालू भ्रमण) आणि वर्षफल (त्या त्या वर्षाची वेगळी कुंडली) ही साधने आहेत. एकाच जातकाला, म्हणजे ज्याची पत्रिका आहे त्याला, एक ज्योतिषी विंशोत्तरी दशेवरून पुढचे वर्ष सांगतो, दुसरा योगिनी दशेवरून त्याआधीचे, तर तिसरा कृष्णमूर्ती पद्धतीने (नक्षत्राच्या पोटभागांवर भर देणारी पद्धत) थेट महिना देतो. शास्त्रातले मतभेद हे यामागचे एक कारण आहे. पण पुष्कळदा दोघांनी वेगळा अयनांश (राशिचक्राची सुरुवात कोठून मोजायची ते ठरवणारा कोन) किंवा वेगळे वर्षमान (दशेच्या वर्षाचे दिवस) धरलेले असते आणि त्याचा उच्चारही होत नाही. म्हणून पद्धतींची तुलना करण्याआधी गणिताचा पाया ठरवून घ्यावा आणि तो टिपणाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.

आधी तीन गोष्टी निश्चित कराव्यात

पहिली गोष्ट अयनांशाची. भारत सरकारच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रापक्षीय अयनांश स्वीकारला आणि आज बहुतेक संगणकीय पत्रिका त्यावरच निघतात. टिळक पंचांग मात्र रैवतपक्षीय अयनांश मानते आणि या दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक आहे. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे, म्हणजे ८०० कलांचे असते, हे लक्षात घेतले तर चार अंशांनी नक्षत्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा इकडचा तिकडे होतो. जन्मवेळची दशा चंद्र नक्षत्रात किती पुढे गेला आहे यावरून ठरते, म्हणून जन्म शुक्राच्या महादशेत (मुख्य दशेत) असेल तर एवढ्याने भोग्य, म्हणजे भोगायची उरलेली, दशा सहा वर्षांनी बदलते.

दुसरी गोष्ट वर्षमानाची. दशेचे वर्ष ३६५.२५ दिवसांचे धरावे की ३६० सावन (सूर्योदय ते सूर्योदय) दिवसांचे, यावर जुना वाद आहे. दोन्हींचे समर्थक आहेत आणि दोन्ही आपापली उदाहरणे पुढे करतात. चाळिशीच्या जातकाच्या बाबतीत हा फरक सात महिन्यांच्या घरात जातो. माझ्या मते नवशिक्याने सौरवर्ष धरावे, कारण गोचर आणि वर्षफल दोन्ही सूर्याच्या वर्षाला बांधलेली आहेत आणि त्यांच्याशी दशा ताडून पाहताना गणित सुसंगत राहते.

तिसरी गोष्ट जन्मवेळेची. चंद्र तासाला साधारण ३३ कला पुढे सरकतो, म्हणजे दहा मिनिटांची चूक झाली तर चंद्र साडेपाच कलांनी चुकतो. लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) बदलले नाही म्हणून वेळ बरोबर आहे, असे मानण्याची सवय घातक आहे. लग्न न बदलताही दशेच्या तारखा काही आठवड्यांनी सरकलेल्या असतात.

नक्षत्रदशा: मोठी चौकट

विंशोत्तरीचे चक्र १२० वर्षांचे असून केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९ आणि बुध १७ वर्षे असा तिचा क्रम आहे. एक कल्पित पत्रिका घेऊ. तूळ लग्न, चंद्र वृषभेत १५ अंशांवर, म्हणजे रोहिणी नक्षत्रात. रोहिणी वृषभेच्या दहाव्या अंशाला सुरू होते, त्यामुळे पाच अंश भुक्त आणि ८ अंश २० कला भोग्य आहेत. ५०० भागिले ८००, गुणिले १०, अशी चंद्राची भोग्य दशा ६ वर्षे ३ महिने निघते. पुढे मंगळाची सात आणि राहूची अठरा वर्षे मिळवली की वयाच्या ३१ वर्षे ३ महिन्यांनी गुरूची महादशा लागते. अंतर्दशेसाठी (महादशेतल्या पोटभागासाठी) दोन्ही ग्रहांच्या वर्षांचा गुणाकार करून १२० ने भागावे. गुरूत गुरू २ वर्षे १ महिना १८ दिवस आणि गुरूत शनी २ वर्षे ६ महिने १२ दिवस. म्हणजे गुरू-शनी हा काळ ३३ वर्षे ४ महिने १८ दिवसांपासून ३५ वर्षे ११ महिन्यांपर्यंत येतो.

जातकाचा प्रश्न स्वतःच्या घराचा आहे असे समजू. तूळ लग्नाला शनी चतुर्थेश (वास्तूच्या चौथ्या स्थानाचा स्वामी) आणि गुरू षष्ठेश (कर्जाच्या सहाव्या स्थानाचा स्वामी) होतो. कर्जाच्या स्थानाच्या स्वामीची महादशा आणि वास्तूच्या स्थानाच्या स्वामीची अंतर्दशा, हा कर्ज काढून घर घेण्याचा परिपाठातला योग आहे. यातला क्रम सोडू नये: आधी पत्रिकेत घराचे वचन आहे की नाही ते पाहावे, मगच दशेला हात घालावा. पत्रिकेने जे कबूल केलेले नाही ते कोणतीही दशा देत नाही, हे सगळ्या पद्धतींना मान्य असलेल्या मोजक्या सूत्रांपैकी एक आहे.

आता हीच पत्रिका योगिनी दशेने पाहू. हे चक्र ३६ वर्षांचे. मंगला १, पिंगला २, धान्या ३, भ्रामरी ४, भद्रिका ५, उल्का ६, सिद्धा ७ आणि संकटा ८ वर्षे. जन्मनक्षत्राच्या क्रमांकात तीन मिळवून आठाने भागावे. रोहिणी चौथे नक्षत्र, बेरीज सात, म्हणून जन्म शुक्राच्या सिद्धा दशेत. तिचे भोग्य ४ वर्षे ४ महिने १५ दिवस. पुढची चक्रे मोजत गेल्यास सिद्धा पुन्हा ३३ वर्षे ४ महिने १५ दिवसांनी लागते. विंशोत्तरीत शनीची अंतर्दशा लागण्याच्या तीन दिवस आधी लग्नेश (लग्नराशीचा स्वामी) शुक्राची योगिनी सुरू होते!

अशा जागी ज्योतिषाचा हात लगेच 'दोन पद्धतींनी तीच तारीख आली' असे लिहायला उचलला जातो. तो आवरावा. विंशोत्तरी, योगिनी आणि अष्टोत्तरी या तिन्ही दशा चंद्राच्या एकाच अंशावरून निघतात. त्या तीन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. पडताळा म्हणून हाच चंद्र रैवतपक्षाने घ्या. तो साधारण १९ अंशांवर येतो, नक्षत्र रोहिणीच राहते, पण गुरू-शनी तीन वर्षे अलीकडे सरकतो आणि सिद्धा दोन वर्षांहून थोडी अधिक. तीन दिवसांचे अंतर जवळजवळ अकरा महिन्यांचे होते. म्हणजे आधीचा मेळ अयनांशाच्या निवडीवर उभा होता.

अष्टोत्तरी १०८ वर्षांची असून तिच्यात केतूला स्थान नाही. लग्नेशापासून राहू केंद्रात (१, ४, ७, १०) किंवा त्रिकोणात (१, ५, ९) असावा पण लग्नात नसावा, अशी तिच्या वापराची एक अट सांगितली जाते. शिवाय कृष्णपक्षात दिवसा किंवा शुक्लपक्षात रात्री जन्म ही दुसरी. अट लागू नसताना केवळ विंशोत्तरीने काम भागले नाही म्हणून तिच्याकडे वळणे योग्य नाही.

खऱ्या अर्थाने वेगळी साक्ष हवी असल्यास जैमिनीची चरदशा पाहावी, कारण ती राशींची आहे आणि चंद्राच्या अंशांवर अवलंबून नाही. राशीपासून तिच्या स्वामीपर्यंत मोजून एक वजा करावा, तितकी वर्षे त्या राशीची. स्वामी स्वराशीत असेल तर बारा. मेष, वृषभ, मिथुन, तूळ, वृश्चिक आणि धनू या राशींपासून सरळ मोजतात, उरलेल्या सहांपासून उलट. वृश्चिकेला मंगळ आणि केतू, कुंभेला शनी आणि राहू असे दोन स्वामी मानले जात असल्याने त्यांतला बलवान कोणता यावर घराणी वेगवेगळी बोलतात. उच्च स्वामीला एक वर्ष वाढवावे आणि नीचाला एक कमी करावे, हेही सर्वांना मान्य नाही. आपण कोणता नियम घेतला ते एकदा ठरवावे आणि सोयीनुसार बदलू नये.

गोचराने चौकट लहान करणे

दशेने अडीच वर्षांचा पट्टा दिला. आता त्यातले महिने गोचराने निवडायचे. येथे साडेसातीवरून सुरुवात करण्याचा मोह टाळावा. बारा राशींपैकी तीन राशींना कोणत्याही क्षणी साडेसाती चालूच असते, म्हणजे ढोबळमानाने लोकांच्या चतुर्थांशाला; एवढे रुंद जाळे काळ सांगायला निरुपयोगी आहे.

त्याऐवजी दुहेरी गोचर पाहावे. ज्योतिष अभ्यासक के. एन. राव यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत शनी आणि गुरू या दोघांचा संबंधित भावाशी (कुंडलीतल्या स्थानाशी) किंवा त्याच्या स्वामीशी एकाच वेळी संबंध यावा लागतो. आपल्या उदाहरणात चतुर्थ भाव मकर. गुरू वृषभ, कर्क, कन्या किंवा मकर राशीत असताना, आणि शनी मेष, कर्क, वृश्चिक किंवा मकरेत असताना त्या भावाशी दृष्टीने अथवा युतीने जोडला जातो. पंचांग उघडून त्या अडीच वर्षांत दोघे एकदम कधी जुळतात ते टिपावे. भावाशी जुळत नसतील तर जन्मस्थ शनीशी जुळतात का ते पाहावे. वक्री ग्रह त्याच अंशांवरून तीनदा जातो. पहिल्या भेटीत बोलणी, दुसरीत अडथळा, तिसरीत पूर्तता, असा अनुभव अनेक ज्योतिषी सांगतात, पण तो नियम म्हणून शिकवू नये.

पुढची पायरी अष्टकवर्गाची, म्हणजे सात ग्रह आणि लग्न यांनी राशींना दिलेल्या शुभ बिंदूंच्या मोजणीची. सर्वाष्टकवर्गात एकूण ३३७ बिंदू असतात, म्हणून राशीला सरासरी २८. शनीच्या स्वतःच्या वर्गात ३९ असल्याने राशीला सरासरी तीन-सव्वातीन पडतात. चार किंवा अधिक बिंदू असलेल्या राशीतून जाणारा शनी तुलनेने काम करून देतो. आणखी बारीक जायचे असल्यास राशीचे ३ अंश ४५ कलांचे आठ कक्ष करावेत. त्यांचे स्वामी क्रमाने शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र आणि लग्न. ज्या कक्षाच्या स्वामीने त्या राशीत बिंदू दिला आहे तो कक्ष फलद मानतात. शनीला एक कक्ष ओलांडायला पावणेचार महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे अडीच वर्षांतून एक हंगाम वेगळा काढता येतो.

वर्षफल, आणि बारकाईची मर्यादा

ताजिक पद्धतीत रवी जन्मवेळच्या अंशावर परतण्याच्या क्षणाची कुंडली मांडतात. मुंथा (वर्षफलातला एक गणिती बिंदू) जन्मलग्नापासून वर्षाला एक रास पुढे जाते. आपल्या जातकाला ३४ वर्षे पूर्ण झाल्यावर ती लाभस्थानी येते, जे शुभ; त्याच्या पुढच्या वर्षी व्ययस्थानी. दशेच्या पट्ट्यातले पस्तिसावे वर्ष म्हणून पुढे येते. आता 'मुद्दा' नावाची, विंशोत्तरी एका वर्षात बसवणारी दशा: नक्षत्रक्रमांक चार, अधिक गतवर्षे ३४, वजा दोन, भागिले नऊ, बाकी शून्य, म्हणून वर्षाची सुरुवात शुक्राच्या ६० दिवसांनी. मग रवी १८, चंद्र ३०, मंगळ २१, राहू ५४, गुरू ४८ आणि त्यानंतर शनीचे ५७ दिवस. पहिली दशा पूर्ण धरली तर शनीचा काळ वर्षाच्या २३१ व्या दिवसापासून २८८ व्या दिवसापर्यंत. विंशोत्तरीत याच वर्षी गुरू-शनीतली शुक्राची विदशा (अंतर्दशेतला पोटभाग) १०६ व्या दिवसापासून २६० व्या दिवसापर्यंत आहे. दोन्हींचा सामाईक काळ सुमारे चार आठवडे.

कागदावर हे फार देखणे दिसते. पण जन्मवेळ खरी दहा मिनिटे उशिराची असेल, तर चंद्राच्या साडेपाच कला म्हणजे दहा वर्षांच्या दशेत २५ दिवस. शुक्राची विदशा तितकी आधी संपते आणि चार आठवड्यांतून जेमतेम चार दिवस उरतात. म्हणून जातकाला चार आठवडे सांगू नयेत. मिनिटाची खात्री असल्याशिवाय विदशेच्या खाली उतरू नये आणि उत्तर तीन-चार महिन्यांच्या पट्ट्यात द्यावे.

कृष्णमूर्ती पद्धतीला हीच अडचण अधिक जाचते, कारण तिचा सगळा भर उपनक्षत्रस्वामीवर आहे. नक्षत्राचे विंशोत्तरीच्या प्रमाणात नऊ भाग, आणि राशीच्या सीमेवर दुभंगणारे धरून एकूण २४९. घरासाठी चतुर्थ भावारंभाचा उपनक्षत्रस्वामी ४, ११, १२ या भावांचा कार्येश (त्या भावांची फळे देणारा ग्रह) आहे का ते प्रथम पाहतात आणि मग त्याच भावांच्या कार्येशांची संयुक्त दशा शोधतात. घटनेला 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याची ही शिस्त मला पारंपरिक पद्धतीपेक्षा उजवी वाटते. तारखेच्या बाबतीत मात्र भावारंभ मिनिटागणिक हलत असल्याने तिच्यावर जास्त भार टाकू नये.

नोंद कशी ठेवावी

भाकीत सांगण्यापूर्वी अयनांश, वर्षमान, मुख्य पद्धत, पडताळ्याची पद्धत, काळाचा पट्टा आणि 'घटना झाली' असे कशाला म्हणायचे, हे सर्व दिनांकासह लिहावे. घराच्या प्रश्नात करारनामा, ताबा की गृहप्रवेश, ते आधी ठरले नाही तर नंतर तिन्हींपैकी जुळेल ते निवडले जाते. घडून गेलेल्या घटनांवर पद्धत तपासताना तारीख झाकून पट्टे आधी काढावेत. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने पुण्यात झालेल्या चाचणीत २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन हुशार आणि मतिमंद मुले ओळखायला सांगितली होती. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के आले, म्हणजे नाणे उडवून मिळेल तितकेच. ती चाचणी कालनिर्णयाची नव्हती, पण आंधळ्या तपासणीला घाबरणाऱ्या अभ्यासकाला आपल्या पट्ट्यांचे मोल कधी कळणार नाही.

जन्मवेळच उपलब्ध नसेल, तर चंद्रकुंडली (चंद्राची रास पहिले स्थान धरून काढलेली कुंडली) मांडून गुरू-शनीचे गोचर पाहावे आणि दशेच्या तारखा देऊ नयेत. चंद्र दिवसभरात १३ अंशांच्या आसपास चालतो, म्हणजे भोग्य दशा जवळजवळ पूर्णच अनिश्चित होते. नेमका प्रश्न असेल तर जातकाकडून १ ते २४९ मधील एक संख्या घेऊन प्रश्नकुंडली मांडावी, आणि तोच प्रश्न मनासारखे उत्तर येईपर्यंत पुन्हा विचारू देऊ नये.