आवाज मोजताय? मग या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या गणपतीत साउंड मी बघतो आणि दरवर्षी दुसऱ्या मजल्यावरचे काका मोबाईल नाचवत खाली येतात, "बघ रे, 92 दाखवतंय!" मी म्हणतो काका, स्पीकरच्या तोंडाशी धरलाय तुम्ही, तिथे तेवढाच येणार. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबल (आवाज मोजायचं माप) कमी होतात, म्हणजे 2 मीटरवर 92 असेल तर 4 मीटरवर 86. बंद हॉलमध्ये भिंतींमुळे एवढा उतरत नाही. त्यामुळे कुठून मोजलं ते सांगितलं नाही तर आकड्याला काही अर्थ नाही. त्यात मोबाईलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला, मोठ्या आवाजात तो गंडतो, अंदाजापुरता ठीक.

दुसरी चूक डेसिबलची साधी बेरीज करायची. 80 चा एक स्पीकर आहे, शेजारी तसाच दुसरा ठेवला तर 160 नाही हो, साधारण 83! 100 वॉटचा अँप्लिफायर काढून 200 चा आणला तरी तेच, फक्त 3 वाढतात, कानाला जेमतेम फरक कळतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात आणि त्यासाठी पॉवर दहापट लागते, हे दुकानदार कशाला सांगेल.

कायद्याने रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल, पण ही काही वेळाची सरासरी असते, एका शिट्टीला मीटर उडाला म्हणून ओरडू नका.

आता माझी स्वतःची चूक. तासभर साउंड मिक्सरवर बसलं की कान सरावतो, आवाज कमी वाटायला लागतो आणि बोट आपोआप फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकती खुंटी, वर सरकवतं, नऊ वाजेपर्यंत कुठल्या कुठे गेलेला असतो. आता मी सुरुवातीलाच फेडरच्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने रेघ मारतो, त्याच्या वर जायचं नाही म्हणजे नाही.

आणि बेस! नेहमीचं डीबीए मोजमाप, म्हणजे माणसाच्या कानाला जुळवून घेतलेलं डेसिबल, खालचे सूर फार कमी धरतं, 50 हर्ट्झला तर जवळजवळ 30 डेसिबल कापतं. म्हणजे मीटर 70 म्हणतोय आणि काकांच्या शोकेसची काच थरथरतेय, दोन्ही खरं. गेल्या वर्षी वरती जाऊन बघितलं तर ताटाळ्यातल्या वाट्यासुद्धा किणकिणत होत्या, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. बेसचा खोका मी कंपाउंडच्या कोपऱ्यात टेकवलेला, आणि कोपऱ्यात बेस आणखी फुगतो. खोका मैदानात ओढला, मिक्सरवर बेस थोडा उतरवला, बाकी कशाला हात लावला नाही.

काका पुन्हा खाली आले. "काच थांबली रे. पण हा मोबाईल अजून तेवढंच का दाखवतोय?"