विनाशिकेची युद्धसेवा कागदपत्रांतून कशी उभी करावी

सर्वांत आधी विनाशिकेची, म्हणजे डिस्ट्रॉयर प्रकारच्या युद्धनौकेची, ओळख पक्की करावी, कारण नौदले जुनी नावे नव्या जहाजांना पुन्हा देतात. १९७१च्या युद्धातील ‘आयएनएस राजपूत’ वेगळी आणि १९८० साली नौदलात दाखल झालेली त्याच नावाची विनाशिका वेगळी. पहिली मूळची ब्रिटिश ‘एचएमएस रॉदरहॅम’ होती आणि १९४९ साली भारताकडे आली. त्यामुळे तिची युद्धसेवा दोन देशांच्या दप्तरांत, दोन नावांखाली शोधावी लागते.

मग तारीख, ठिकाण, कामगिरी आणि आधार अशा चार रकान्यांचा तक्ता आखावा. पहिला आधार लॉगबुकाचा: त्यात प्रत्येक पहाऱ्यातील (कामाच्या पाळीतील) दिशा, वेग, वारा आणि वायुभार नोंदलेला असतो. मात्र दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश विनाशिकांची बरीच लॉगबुके जपली गेलेली नाहीत. अशा वेळी लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एडीएम १९९’ या मालिकेतील युद्ध-अहवाल व व्यापारी जहाजांच्या संरक्षित काफिल्यांचे कागद पाहावेत, आणि सोबत असलेल्या जहाजांच्या नोंदीही चाळाव्यात. नोंदीतील वेळेपुढे लिहिलेले, ती कोणत्या कालक्षेत्राची वेळ हे सांगणारे अक्षर सोडून देऊ नये. ‘झेड’ म्हणजे ग्रिनिच वेळ, आणि ते न पाहिल्यास एकाच हल्ल्याचे दोन हल्ले होतात. गोदीतले, बॉयलर सफाईचे दिवसही तक्त्यात यायलाच हवेत, कारण जहाज अमुक लढाईत नव्हते हे त्यांवरूनच सिद्ध होते.

खरी कसोटी पाणबुडी बुडवल्याच्या दाव्यांपाशी लागते. पाण्यावर आलेले तेल किंवा लाकडाचे तुकडे हा पुरेसा पुरावा नव्हे. जर्मन कागदपत्रे हाती आल्यावर युद्धकाळात मान्य झालेले कित्येक दावे बदलावे लागले. ३ डिसेंबर १९७१च्या मध्यरात्रीच्या सुमारास विशाखापट्टणमच्या बंदराबाहेर पडताना ‘राजपूत’ने जलबाँब (पाणबुडीवर टाकायचे, पाण्याखाली फुटणारे बाँब) टाकले आणि ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी तिथेच बुडाली, एवढे निश्चित आहे. ती जलबाँबांमुळे बुडाली असे भारतीय नौदल मानते, तर पाकिस्तानच्या मते तिच्याच सुरुंगांचा अपघाती स्फोट झाला. त्यामुळे कामगिरीच्या रकान्यात फक्त ‘जलबाँब टाकले’ असे लिहावे आणि पाणबुडी कशाने बुडाली याविषयीची दोन्ही मते, ती कोणाची हे सांगून, आधाराच्या रकान्यात नोंदवावीत. आपल्या जहाजाविषयी कितीही जिव्हाळा असला तरी या दोन रकान्यांची सरमिसळ होऊ देऊ नये.